सही त्याची, घर कोणाचे?



बल्लारपूर म्हटले की कागद कारखाना आणि कोळशाच्या खाणी आठवतात. पण ठेकेदाराकडचे काम सुटले, घरात आजारपण आले किंवा मुलीचे लग्न ठरले, की या कामगार वस्त्यांत आधी बाईचे मंगळसूत्र गहाण पडते, मग घराचा कागद बाहेर निघतो. नझूलच्या जागेवरील घराला पट्टा नसेल तर बँक दारात उभे करत नाही. सावकार पट्टा विचारत नाही, सही मागतो.

'शेकडा पाच' ऐकायला हलके वाटते. हिशेब मांडू. 50 हजारांवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला 30 हजार व्याज, आणि मुद्दल जिथल्या तिथे. बिगरशेती तारण कर्जाला शासनाने 2014 मध्ये वर्षाला 15 टक्के दर ठरवला. त्या दराने व्याज होते साडेसात हजार. वरचे साडेबावीस हजार कोणाच्या पोटातून जातात?

घर त्याच्या नावावर, म्हणून सही त्याची एकट्याची पुरते. तिला विचारण्याची सक्ती कोणताच कायदा करत नाही. गहाणखत सांगून खरेदीखतावर सही घेतली, हे तिला कळते ते घर खाली करायला माणसे आल्यावर. तेव्हा तो पाळीवर असतो, दारात ती उभी असते. उलट लघुवित्त कंपन्यांच्या गटकर्जाला सही तिचीच लागते. म्हणजे मालकीत ती नाही, देण्यात मात्र पहिली!

डिसेंबर 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्याच एका शेतकऱ्याने, सावकारांचे देणे फेडण्यासाठी कंबोडियात जाऊन मूत्रपिंड विकावे लागले, अशी तक्रार केली. घरानंतर गहाण टाकायला शरीरच उरते, ते असे.

कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोऱ्या कागदावर सही घेणे गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीत बळकावलेले घर किंवा जमीन, व्यवहाराला 15 वर्षे झाली नसतील तर, परत मिळवता येते. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. लघुवित्त कर्जाला तारण मागता येत नाही आणि हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावले आहे.

पण एकटी बाई अर्ज घेऊन गेली तर तिला उद्या या म्हणतात. याच जिल्ह्यातल्या बायकांनी रस्त्यावर उतरून 2015 मध्ये दारूबंदी आणली होती. ती 2021 मध्ये उठवली गेली, पण एकत्र चालण्याची सवय कोणी उठवू शकत नाही. ती आता सावकाराच्या वहीपर्यंत न्यायची आहे.

सुरुवात घरातून करू. घराला दोघांचे नाव लावून घ्या. पतीपत्नी दोघांच्या सहीशिवाय राहते घर गहाण पडू नये, असा कायदा मागू. आणि आज रात्री पेटी उघडून घराचा कागद एकदा स्वतः वाचा. येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या.