पर्थ पुढच्या वेळी

मे महिन्याच्या सुट्टीचे बेत आमच्या सोसायटीत जानेवारीतच शिजू लागतात. हल्ली त्यात ऑस्ट्रेलियाचं नाव फार. कुणाची मुलगी मेलबर्नला, कुणाचा भाचा सिडनीला. परवा एका शेजाऱ्यांनी आखलेला कार्यक्रम माझ्यासमोर ठेवला : बारा दिवसांत सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट, केर्न्स, उलुरू, अॅडलेड आणि पर्थ. पर्थ कशाला, तर "तिथे हिचा मावसभाऊ असतो. एवढे पैसे घालून जातोय, तर दोन दिवस त्याच्याकडेही होतील."

होतील खरे, पण विमानतळावर. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ आहे सुमारे 77 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून जास्त. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाने आपली फसवणूक केलेली असते. त्यात ग्रीनलंड ऑस्ट्रेलियाएवढं दिसतं, प्रत्यक्षात ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे. मुंबईहून दुबईला जायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ सिडनीहून पर्थला जायला लागतो, तोही एकाच देशात. पाच तासांचं विमान. 'इंडियन पॅसिफिक' ही आगगाडी तेच अंतर 4,352 किलोमीटरच्या वळशाने तीन रात्रींत कापते. वाटेत नलारबॉरच्या माळावर 478 किलोमीटर सलग सरळ रूळ आहेत, एकही वळण नाही. आगगाडीची हौस असेल, तर तो प्रवास हीच सहल समजावी. मावसभावाला भेटायला जायची ती वाट नव्हे.

कार्यक्रम आखताना लोक विमानाचे तास मोजतात, दिवस मोजत नाहीत. मेलबर्न ते केर्न्स विमान साधारण साडेतीन तासांचं. पण सकाळी दहाला खोली सोडा, टॅक्सी पकडा, बॅगा चढवा, तिकडे उतरून बॅगांची वाट पाहा, पुन्हा टॅक्सी, पुन्हा खोलीची किल्ली. संध्याकाळचे पाच वाजतात, आणि मुलांना भूक लागलेली असते. मुक्काम एकदा बदलला की एक दिवस गेलाच म्हणून समजा. सात ठिकाणं म्हणजे सहा दिवस हलवाहलवीत. बारातून सहा वजा करून पाहा, आणि त्यात मुंबईहून जायचे-यायचे दिवसही धरा.

त्यातही प्रत्येक जागेचे स्वतःचे नखरे आहेत. केर्न्सहून ग्रेट बॅरियर रीफला नेणाऱ्या बोटी सकाळी निघतात आणि दुपार कलल्यावर परततात. वारा सुटला तर फेरी रद्द होते, म्हणून हाताशी एक मोकळा दिवस हवा. स्कूबा केलंत तर त्यानंतर जवळजवळ दिवसभर विमानात बसू नये, असं सांगतात. म्हणजे रीफ शेवटच्या दिवशी ठेवून चालत नाही. उलुरूसाठी बरेच जण अॅलिस स्प्रिंग्जचं तिकीट काढतात आणि तिथे उतरल्यावर कळतं की तो खडक अजून साडेचारशे किलोमीटरवर आहे. उलुरूच्या जवळ, युलारा इथे वेगळा विमानतळ आहे. तिकीट तिथलं काढावं. आणि वर चढायचा बेत असेल तर तो सोडा : अनंगू लोकांचं ते पवित्र स्थान असल्यामुळे ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद आहे. पायथ्याभोवतीची साधारण दहा किलोमीटरची वाट मात्र पहाटे चालावी अशीच आहे.

गाडी चालवायचा उत्साहही जपून. मेलबर्न ते सिडनी सुमारे 880 किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाहून पावणेदोनशे किलोमीटरने लांब. रस्ता उत्तम, पण सबंध दिवस खातो. शहराबाहेर तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधारात दामटू नये.

ऋतूचं गणितही उलटं. आपल्या मे महिन्यात मेलबर्नला स्वेटर लागतो, पण केर्न्स आणि उलुरूला तो काळ छान. डिसेंबरात दक्षिणेकडे उन्हाळा आणि शाळांची सुट्टी, तर उत्तरेला पावसाळा आणि समुद्रात डंख मारणाऱ्या जेलीफिशचा मोसम.

तेव्हा माझा साधा हिशेब : हातात जितक्या रात्री, त्यांना चाराने भागा. येईल तितकीच ठिकाणं. चौदा रात्री असतील तर मेलबर्नला चार, केर्न्सला चार, सिडनीला पाच आणि एक रात्र राखीव. रीफचं आकर्षण नसेल तर केर्न्सऐवजी उलुरू घ्या. तिथे दोन-तीन रात्री पुरतात, उरलेल्यांत ग्रेट ओशन रोडवर एक मुक्काम करा. तो 243 किलोमीटरचा किनारी रस्ता एका दिवसात उरकणारे बसच्या खिडकीतून फोटो काढत परततात. मेलबर्नला उतरा आणि सिडनीहून परतीचं विमान पकडा; उगाच मागे फिरण्याचा फेरा वाचतो.

मावसभावाची सोयही आहे. पर्थहून त्यालाच सिडनीला बोलवा; तो एकटा येईल, तुम्ही चौघं जाणार नाही, खर्चही कमी. आणि तिकिटं काढण्याआधी यादी पुन्हा एकदा समोर घेऊन त्यातली निम्मी नावं खोडा.