शोधयंत्राची वानगी आणि पेढीची पत

धान्याच्या घाऊक व्यापारात वानगीला फार मोठे स्थान आहे. शंभर पोत्यांचा सौदा ओंजळभर दाण्यांवर ठरतो. वानगीप्रमाणे माल न उतरल्यास तो सौदा तर मोडतोच, परंतु त्या पेढीच्या पुढील वानगीकडेही कोणी विश्वासाने पाहत नाही. ही गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंस नव्याने सांगावयास नको. तथापि तीच मंडळी आपल्या पेढीचे संकेतस्थळ इंटरनेटवर मांडतात तेव्हा वानगीचा हा नियम त्यांच्या ध्यानात राहत नाही, असे बेळगाव-निपाणी भागातील अनेक संकेतस्थळे पाहून आमचे मत झाले आहे. यास्तव या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यासंबंधी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. "आमचे गिऱ्हाईक पिढीजात आहे; आम्हांस या उठाठेवीची गरज काय?" असे पुष्कळ जण विचारतात. गिऱ्हाईक पिढीजात असले तरी पिढी बदलते हे विसरून चालणार नाही. पणजीच्या खाणावळीचा किंवा कोल्हापूरच्या किराणा दुकानाचा कारभार आज ज्या मुलाच्या हाती आहे, तो तांदळाची चौकशी करण्यापूर्वी खिशातील मोबाईल काढून गूगलला विचारतो. तेथे जो दिसतो तो बाजारात आहे, आणि जो दिसत नाही तो त्या मुलाच्या लेखी बाजारात नाही. दूरच्या शहरातील मोठ्या कंपन्यांनी ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. गाफीलपणाचा तोटा होतो तो आपल्यासारख्या मध्यम व लहान पेढ्यांचा.

गूगलची स्थापना 1998 साली झाली. त्याचे काम अडत्यासारखे आहे असे समजावे. त्याची यंत्रे जगातील पाने वाचून त्यांची खतावणी ठेवतात आणि विचारणारा आला की त्याच्या गरजेस उतरेल ते पान पुढे करतात. जाहिरातीचे पैसे भरले म्हणजे या नैसर्गिक यादीतही वरचा क्रमांक मिळतो हा समज निखालस चुकीचा आहे. जाहिराती निराळ्या दाखविल्या जातात व त्यांवर तशी खूणही असते. यादीतील स्थान मात्र पानाच्या गुणावर ठरते.

आमच्या सीमाभागातील पहिली व सर्वांत मोठी चूक नावांची आहे. 1 नोव्हेंबर 2014 रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली आणि इंग्रजी कागदोपत्री 'बेलगाम'चे 'बेळगावी' झाले. मराठी माणूस 'बेळगाव' म्हणतो, आणि जुने परप्रांतीय गिऱ्हाईक अजूनही 'बेलगाम' असेच टंकते. निपाणीच्या रोमन लेखनात कोणी एक 'प' घालतो, कोणी दोन. गावांच्या या नावांतील नाते शोधयंत्रास बऱ्याच अंशी कळते. परंतु मालाच्या गावठी नावांविषयी तितकी खात्री धरता येत नाही. कोकणात व गोव्यात ज्यास कुळीथ म्हणतात त्यास देशावर हुलगा, कन्नडमध्ये हुरळी आणि इंग्रजीत हॉर्सग्राम म्हणतात. रब्बी ज्वारीस आपल्याकडे शाळू हेच नाव रूढ आहे. असे असता पुष्कळ पेढ्यांच्या पानांवर 'उत्तम दर्जाची कृषी उत्पादने' एवढेच इंग्रजीत लिहिलेले असते! अशा शब्दांनी कोणी कधी हुलगा शोधला आहे काय? गिऱ्हाईक ज्या नावाने माल मागते ते नाव पानावर असलेच पाहिजे. ज्यांचा व्यवहार मराठी व कन्नड अशा दोन्ही गिऱ्हाइकांशी आहे, त्यांनी दोन्ही भाषांत स्वतंत्र व नीट लिहिलेली पाने ठेवावीत.

दुसरी चूक लिपीची. कित्येक पेढ्यांचे दरपत्रक म्हणजे छापील कागदाचे छायाचित्र असते. ते माणसास वाचता येते. परंतु चित्रातील अक्षरे यंत्र बिनचूक वाचील यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. याहून सूक्ष्म दोष जुन्या पद्धतीच्या फाँटचा आहे. त्यांत टंकलेला मराठी मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो. डोळ्यांस 'तांदूळ' दिसतो, पण यंत्रास निरर्थक अक्षरांची रांग मिळते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा, दर चित्रात न ठेवता अक्षरांत लिहावेत, आणि मालाच्या छायाचित्रामागे त्याचे थोडक्यात वर्णन जोडावे. एवढे केल्याने अर्धे काम होते.

तिसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती अज्ञानाची नसून लबाडीची आहे. 'बेळगाव तांदूळ, स्वस्त तांदूळ, घाऊक तांदूळ' अशी शब्दांची रास एकाच पानावर पन्नास वेळा ओतणे, किंवा पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लपविणे, असे प्रकार काही कारागीर अजूनही सुचवितात. पानाच्या आतल्या भागात शोधशब्दांची जी यादी ठेवण्याची पद्धत होती, तिचा क्रम लावताना आपण उपयोग करीत नाही, असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले आहे. 2006 साली बीएमडब्ल्यू या विख्यात मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ यंत्रास एक व माणसास दुसरे पान दाखविल्याबद्दल गूगलने यादीतून काही काळ काढून टाकले होते. जेथे एवढ्या मोठ्या पेढीची गय झाली नाही, तेथे आपली काय कथा? श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटे वजनमाप आणि हलका माल भारी म्हणून विकणे यांची गणना केलेली आहे. पानात नसलेला माल शब्दांत दाखविणे हा त्याच जातीचा दोष होय.

चौथी चूक उसन्या शिफारशींची. दुसऱ्या संकेतस्थळांनी आपल्या पानाकडे बोट दाखविणे ही शोधयंत्राच्या दृष्टीने शिफारस असते. म्हणून अशा शिफारशी घाऊक विकत घेण्याचा धंदा निघाला. 2011 साली अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानदार कंपनीसाठी रचलेले असे जाळे वृत्तपत्राने उघडकीस आणले आणि तिची पाने यादीत कोठल्या कोठे खाली गेली. पुढे 2012 साली अशाच बनावट शिफारशींविरुद्ध गूगलने आपल्या पद्धतीत 'पेंग्विन' नावाचा बदल केला. बाजारात जो दलाल "पहिला क्रमांक हमखास" असे सांगतो त्यास दारातूनच परत पाठवावे, कारण अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे स्वतः गूगलच सांगते. आपण ज्यांच्याशी खरा व्यवहार करतो अशा गिरण्या, वाहतूकदार, संघटना यांच्या पानांवर आपले नाव असणे ही खरी शिफारस होय.

पाचवी चूक उसन्या मजकुराची. शेजारच्या पेढीचे वर्णन उचलून आपल्या पानावर घालणे, किंवा हल्ली निघालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून एका दिवसात दोनशे पाने लिहवून घेणे, यांत काडीचाही अर्थ नाही. निकृष्ट मजकुराविरुद्ध गूगलने 2011 साली 'पांडा' हा बदल केला होता. आणि केवळ क्रमांकासाठी रतीब घालून पाने काढणे, मग ती माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने, हे मार्च 2024 पासून स्पष्टपणे नियमभंग ठरविले आहे. या हंगामात शाळू कसा आला, नव्या व जुन्या तांदळात शिजताना काय फरक पडतो, कमीत कमी किती पोती दिली जातात, ही माहिती आपल्याइतकी दुसऱ्या कोणास आहे? ती चार प्रामाणिक ओळींत लिहिली तर दोनशे उसन्या पानांहून तिचे मोल अधिक.

काही चुका केवळ अव्यवस्थेच्या आहेत. पेढी एका पेठेतून दुसऱ्या पेठेत नेताना आपण जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावतो. परंतु संकेतस्थळ नवे करताना जुन्या पानांवरून नव्या पानांकडे वाट लावून देत नाही, आणि वर्षांची पत एका दिवसात बुडते. बांधकाम चालू असताना यंत्राने आत येऊ नये म्हणून लावलेली मनाई काम संपल्यावरही तशीच राहते. नकाशावरील दूरध्वनी एक आणि पानावरील दुसरा असतो. पान मोबाईलवर उघडावयास इतका वेळ लागतो की गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. आणि गूगल तर आता पानाचे मोबाईलवरील रूपच प्रमाण धरते. सर्वांत घातक म्हणजे संकेतस्थळाचे नाव पेढीच्या नावे न नोंदता ते बनविणाऱ्या कारागिराच्या नावे नोंदलेले असते. दुकानाचा गाळा नोकराच्या नावे कोणी खरेदी करील काय?

शेवटची चूक हिशेब न ठेवण्याची. कीर्द-खतावणीवाचून आपण एक दिवस काढीत नाही. परंतु आपल्या पानावर कोण कोणता शब्द शोधून आले याचा हिशेब गूगल 'सर्च कन्सोल' या साधनाद्वारे विनामूल्य देते, तो पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. दिवाळीस वह्या बदलतो तसा निदान महिन्यातून एकदा तो पाहावा. फळ मिळण्यास काही महिने लागतात. पेरल्या दिवशी कापणी होत नाही, हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको.

आमची संघटनेस एक विनंती आहे. आपल्या भागातील धान्य, कडधान्य, मिरची, गूळ यांची मराठी, कन्नड, कोकणी व इंग्रजी नावे जाणत्या व्यापाऱ्यांकडून गोळा करून त्यांची एक यादी सभासदांस द्यावी. ज्या तरुण सभासदांस या विद्येची माहिती आहे, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ इतरांची पाने तपासून द्यावीत. यास फार खर्च नाही. ज्यांची संकेतस्थळे आहेत त्यांनी मात्र त्या संध्याकाळची वाट न पाहता, आपल्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदलेले आहे, एवढे आजच पाहून घ्यावे.