ताप असेल तर बूट काढा

पहाटे पाचला बालाघाटच्या मुलना स्टेडियमवर भरतीची पोरं धावतात. मीही तिथेच असतो, हातात स्टॉपवॉच घेऊन. परवा एकाने मोज्यातून पॅरासिटामॉलची पट्टी काढली आणि पाण्याशिवायच गोळी गिळली. हात लावून पाहिलं, तर अंग तव्यासारखं तापलेलं. म्हणाला, "काका, एक दिवस खाडा झाला की दम तुटतो." मी त्याला आधी बूट काढायला लावले.

चूक त्याची एकट्याची नाही. वनरक्षक व्हायचं तर मुलांना चार तासांत २५ किलोमीटर चालावं लागतं. मे २०२४ मध्ये इथेच, भर उन्हाळ्यात, त्या चाचणीत एका उमेदवाराचा जीव गेला. धडधाकट माणसाचा कस काढणारी ही चाचणी. तिथे तापाने फणफणलेल्याचं काय होईल?

माझा हिशेब सोपा आहे. नुसतं नाक वाहतंय, तर हळू धावा. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील, तर घरी पडून राहा. गोळीने ताप उतरतो, आजार जात नाही. विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. तेव्हा जोर लावला तर ठोकेच बिघडू शकतात. त्यात आपला जिल्हा मलेरियाचा. थंडी वाजून आली की आधी रक्त तपासा.

चार दिवसांच्या विश्रांतीने महिन्यांची मेहनत वाया जात नाही. भरती घेणाऱ्यांनीही आजारी उमेदवाराला दुसरी तारीख द्यावी. पोरांनो, भरती पुन्हा निघते. जीव पुन्हा मिळत नाही.