लोकलहोस्ट नावाची थाप

मंडळी, या विकांताला जरा भांडायचा मूड आहे.

नवीन प्रोजेक्टवर माणूस रुजू झाला की त्याला रेपोची लिंक मिळते. रीडमीमध्ये एक ओळ असते, 'डॉकर कंपोज अप करा, सगळं चालू होईल.' आणि होतंही! अ‍ॅप वर येतं, रेडिस वर येतं, 'डीबी' नावाचा एक कंटेनरही वर येतो. फक्त त्या डीबीमध्ये डेटाबेस नसतो. तिथे बसलेली असते क्लाउड एसक्यूएल ऑथ प्रॉक्सी. म्हणजे नुसता बोगदा. एक तोंड तुमच्या लॅपटॉपवर, दुसरं गूगल क्लाउडवरच्या कुठल्यातरी खऱ्या इन्स्टन्समध्ये. ती इन्स्टन्स स्टेजिंगची की प्रॉडक्शनची, हे एन्व्ही फाइलमधल्या एका ओळीवर ठरतं.

कॉलेजात प्रॉक्सी मारतात ना, तसंच. नाव पुकारलं जातं लोकलहोस्टचं आणि मागच्या बाकावरून 'हजर!' म्हणतो भलताच कोणीतरी.

माझं म्हणणं सरळ आहे. डेव्हलपमेंटच्या कंपोज फाइलमध्ये डेटाबेसच्या जागी प्रॉक्सी ठेवणं हा आळस आहे, आणि या आळसाचा भुर्दंड आपल्याला नाही, तर ज्यांचा डेटा त्या टेबलांत आहे त्यांना पडतो.

आधी एक स्पष्ट करतो. भांडण प्रॉक्सीशी नाही. हत्यार उत्तम आहे. आयएएममध्ये तुम्हाला परवानगी आहे का ते तपासते, थोडा वेळच चालणारं सर्टिफिकेट घेते, आणि सगळी वाहतूक टीएलएसमधून नेते. आयपी पत्त्यांच्या याद्या सांभाळाव्या लागत नाहीत. कुबरनेटीसमध्ये अ‍ॅपच्या शेजारी ती बसवली तर कोण नको म्हणेल? तिची जागा ती आहे.

पण लॅपटॉपवर काय होतं बघा. पूर्वी प्रॉडक्शनला जोडायचं तर आपला आयपी यादीत घालून घ्या, सर्टिफिकेटं मागा, लांबलचक होस्टनेम टाइप करा... कटकट होती, मान्य. पण त्या प्रत्येक कटकटीत 'बाबा रे, तू कुठे चालला आहेस?' हा प्रश्न लपलेला होता. प्रॉक्सीने तो प्रश्नच काढून टाकला.

त्याहून वाईट म्हणजे आपल्याच बचावाच्या ओळी ती निकामी करते. टेस्टच्या आधी टेबलं रिकामी करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये शहाणी माणसं एक अट घालतात, होस्ट लोकलहोस्ट नसेल तर थांब. प्रॉक्सीसमोर ही अट कायम पास! कंटेनरमध्ये होस्टचं नाव 'डीबी' असलं तरी तेच. स्क्रिप्टला जे दिसतं ते घरचं असतं, आणि झाडू फिरतो शेजाऱ्याच्या घरात.

'एवढं कोण वेंधळं असतं?' असं म्हणणाऱ्यांनी ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची हकिकत आठवावी. दुय्यम डेटाबेसची डिरेक्टरी पुसतोय असं समजून एका इंजिनिअरने मुख्य सर्व्हरवरच कमांड चालवली. सुमारे ३०० जीबी डेटा होता, लक्षात येईपर्यंत त्यातला थोडासाच उरला. शेवटी सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटवरून गाडी रुळावर आणली, मधला डेटा गेला तो गेलाच. गिटलॅबने हे सगळं स्वतः जाहीर लिहिलं, त्याबद्दल त्यांना सलामच. तिथे प्रॉक्सी वगैरे काही नव्हती. दोन सर्व्हर होते, दोन वेगळी नावं होती. नावं वेगळी असतानाही रात्री थकलेल्या जाणत्या माणसाची गल्लत होते. आपण तर नावंच एक करून ठेवतो!

आता कंटेनरमुळे यात काय भर पडते ते. प्रॉक्सी मुळात फक्त १२७.०.०.१ वर ऐकते, म्हणजे त्याच मशीनपुरती. कंटेनरमध्ये घातली की बाहेरून तिच्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून तिला ०.०.०.० वर ऐकायला सांगावं लागतं. इथवर ठीक. पण मग कंपोजमध्ये पोर्ट लिहिताना आपण नुसतं '५४३२:५४३२' लिहितो, आणि डॉकर ते पोर्ट लॅपटॉपच्या सगळ्या नेटवर्कांवर उघडतो. लिनक्सवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावली असली तरी हे पोर्ट तिला बगल देतं, कारण डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये घालतो. वास्तविक पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, असं गूगलच्या दस्तऐवजातच आहे. वाचतो कोण?

त्यात आपोआप आयएएम लॉगिनचा पर्याय चालू असेल तर आनंदच. मग पासवर्डही लागत नाही, कारण तुमच्या वतीने टोकन प्रॉक्सीच देते. युजरनेम काय, तर तुमचा हापिसचा ईमेल, जो सगळ्यांना ठाऊक. म्हणजे कॅफेच्या वायफायवर बसलेल्या तुमच्या लॅपटॉपमधून, शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमच्या नावाने डेटाबेसमध्ये शिरू शकतो.

आणि किल्ल्या! प्रॉक्सीची अधिकृत इमेज रूट नसलेल्या युजरखाली चालते, हे चांगलंच आहे. पण त्यामुळे तुमची फक्त तुम्हालाच वाचता येणारी क्रेडेन्शियल फाइल तिला वाचता येत नाही. मग कोणीतरी वैतागून ती फाइल सगळ्यांना मोकळी करतो. नाहीतर टीमसाठी एकच सर्व्हिस अकाउंट काढून त्याची जेसन फाइल चॅटवर फिरवतो. ही किल्ली मुद्दाम मुदत घातली नसेल तर आपणहून कालबाह्य होत नाही. नोकरी सोडून गेलेल्याच्या डाउनलोड्स फोल्डरमध्येही ती चालूच. चुकून गिटमध्ये गेली तर पुढच्या कमिटला पुसूनही इतिहासात राहतेच.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'पण खरा डेटा असल्याशिवाय बग सापडत नाहीत.' काही बग तसे असतात, खरंय. पण त्यासाठी वीस जणांच्या लॅपटॉपवर रोज सकाळी बोगदा उघडायची गरज नाही. नावं, फोन, पत्ते बदललेला छोटा डंप पुरतो. आणि तो 'खरा डेटा' म्हणजे कोणाचे तरी आजार, कोणाचा तरी पगार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'सोय होती म्हणून' हे उत्तर तिथे चालेलसं वाटत नाही.

'लोकल डेटाबेस वेगळा वागतो' हे दुसरं उत्तर. क्लाउडवर पोस्टग्रेसची जी आवृत्ती, तीच अधिकृत इमेज घ्या. तिच्या ठरलेल्या डिरेक्टरीत एसक्यूएल फाइल ठेवली की डेटा रिकामा असताना ती आपोआप चालते. दोन ओळींचं काम. वर नेट लागत नाही, लोणावळ्याच्या घाटात रेंज गेली तरी काम चालू. आणि टेबल उडालं तर आपलंच उडतं.

तरीही कधी प्रॉक्सी लागणारच. तेव्हा एवढं करा. ती कंपोजच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवा, म्हणजे मागितल्याशिवाय वर येणार नाही. नाव 'डीबी' नको, 'स्टेजिंग-बोगदा' ठेवा. पोर्ट ५४३२ नको, वेगळं द्या, आणि तेही १२७.०.०.१ वरच. ज्याची त्याची ओळख वापरा, सामायिक किल्ली नको. डेटाबेसमधल्या युजरला फक्त वाचायची परवानगी द्या. पोस्टग्रेस १४ पासून त्यासाठी तयार रोलही आहे. आणि प्रॉडक्शनच्या गूगल प्रोजेक्टवर डेव्हलपरच्या रोजच्या खात्याला जोडणीची परवानगीच देऊ नका. मग एन्व्ही फाइलमध्ये कोणी काहीही लिहिलं तरी दार उघडणार नाही.

असो. सोमवारी हापिसात गेलात की चहाच्या आधी एवढंच करा, कंपोज फाइल उघडा आणि 'डीबी'खाली कोणती इमेज आहे ते बघा. पोस्टग्रेस असेल तर चहा प्या. प्रॉक्सी असेल तर ती नेमकी कुठे उघडते हे टीममधल्या तिघांना वेगवेगळं विचारा. तीन वेगळी उत्तरं आली तर चहा थोडा थांबू शकतो.