'नीट' म्हणजे कसा?



या वेळचा विषय पाहून तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, 'हिला हे काय सुचलं?' पाणी, रेशन, पोटगी हे सगळं सोडून संपादकीयात वेष करून काढलेल्या फोटोंची चर्चा? मलाही आधी तसंच वाटलं होतं.

वस्तीतल्या आमच्या किशोरी गटात एक मुलगी आहे. बारावीत शिकते, संध्याकाळी आईबरोबर पोळ्या लाटायला जाते. एक दिवस मोबाईल पुढे करून म्हणाली, "ताई, हा फोटो नीट करायला शिकवाल?" फोटोत ती स्वतःच होती. मावशीच्या जुन्या गुलाबी साडीचा किमोनो, भावाचा काळा शर्ट उसवून शिवलेला अंगरखा आणि तोंडात रिबिनीने बांधलेला बांबूचा तुकडा, तोही बुरूडकाम करणाऱ्या शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. 'डेमन स्लेयर' या जपानी चित्रकथेतली ही नेझुको. अशा पात्राचा वेष स्वतः तयार करून मिरवण्याला कॉस्प्ले म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं.

एमएसडब्ल्यूला मी गटचर्चा घ्यायला शिकले होते, फोटोवर काम करायला नाही. तेव्हा केंद्रातल्या जुन्या संगणकावर 'गिम्प' हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन आम्ही दोघी मिळूनच शिकलो. चित्र काढायचं असेल तर 'क्रिटा' आहे, तेही मोफत. पहिला धडा असा, की मूळ फोटोला हात लावायचा नाही, त्याची प्रत करून तिच्यावर काम करायचं. दुसरा धडा लेयरचा. काचेवर काच ठेवावी तसे हे थर असतात. एकावर पार्श्वभूमी, एकावर आपण, एकावर सावली. एक थर बिघडला तरी बाकीचे शाबूत राहतात. तिसरा धडा मास्कचा. नको तो भाग खोडायचा नाही, मास्कवर काळा रंग फिरवून झाकायचा. चुकलं तर पांढरा फिरवला की भाग परत दिसतो. चूक सुधारता येते हे कळल्यावर तिचा हात मोकळा झाला. दोरीवरचे कपडे आणि गॅसची टाकी झाकून तिने मागे बर्फाचा डोंगर आणला. पायाखाली सावली नव्हती, म्हणून ती हवेत तरंगत होती. मग 'मल्टिप्लाय' प्रकारच्या थरावर तिने सावली रंगवली आणि ती जमिनीवर उभी राहिली. त्यानंतर तिने डोळे नेझुकोसारखे गुलाबी केले.

आणि मग, मी न सांगता, तिने स्वतःचा रंग उजळ केला. कंबर आत ओढली. नाक बारीक केलं.

मी विचारलं, "हे का?" ती म्हणाली, "नेझुको गोरी आहे ना." उत्तर बिनतोड होतं. पण कंबर किमोनोत दिसतच नव्हती, मग ती का? तिला उत्तर देता येईना. हा प्रश्न आम्ही पुढच्या बैठकीत गटासमोर ठेवला. डोळ्यांचा रंग बदलणं आणि कातडीचा रंग बदलणं यात फरक काय? दोन तास मुली बोलत होत्या. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने न विचारता गोरी केलेली बहीण, स्थळासाठी पाठवलेला फोटो, 'तू काळी, तुला हे पात्र शोभत नाही' असं ऐकलेली मैत्रीण, सगळं निघालं. शेवटी तीच म्हणाली, "डोळे मला हवे म्हणून बदलले. रंग लोकांना नको म्हणून बदलला."

या माध्यमाचा इतिहासही हेच सांगतो. प्रतिमा-प्रक्रियेच्या प्रयोगांसाठी १९७३ पासून जगभर वापरला गेलेला नमुना फोटो 'प्लेबॉय'च्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकातून कापलेला एका मॉडेलचा होता. आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने आपल्या लेखांत तो घेणं थांबवलं ते २०२४ मध्ये. कॉस्प्लेचं म्हणाल, तर १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात गाजलेले दोन वेष शिवले मर्टल डग्लस या बाईने. तिच्याबरोबर वेष घालून आलेल्या मित्राचं नाव मोठं झालं, शिवणारीचं मागे राहिलं. आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनी स्वतःच वेष करून, रविवर्म्याच्या चित्रातल्या स्त्रीपासून सिनेमातल्या नायिकेपर्यंत 'आदर्श' बाईची सोंगं फोटोत उभी केली आणि ती प्रतिमाच तपासायला लावली. आणि मंगळागौरीच्या जागरणात सोंगं काढणाऱ्या आपल्या आज्यांना तरी हा खेळ नवा कुठे होता?

भीती खरी आहे, ती मी लपवत नाही. आमच्याच वस्तीत एका कॉलेजकन्येचा चेहरा कुणीतरी अश्लील चित्राला जोडला. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न आला, "फोटो टाकलाच कशाला?" घरच्यांनी तिचा मोबाईल काढून घेतला. गुन्हा दुसऱ्याचा, शिक्षा तिला. असं चित्र प्रसारित करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६७ व ६७ अ खाली गुन्हा ठरू शकतो आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, हे प्रत्येक गटाला पाठ हवं. मूळ फाईल जपून ठेवणं हा वर सांगितलेला पहिला धडा इथेही कामी येतो. फेरफार झाला हे त्यावरून दाखवता येतं. फोटो बाहेर देण्याआधी त्यात दडलेली ठिकाणाची नोंद काढून टाकायलाही मुलींना शिकवा.

मुलींच्या हातातून मोबाईल काढून घेणं हा उपाय नाही. बाईच्या चित्रावर आजवर दुसऱ्यांचा हात फिरत आला. आता तिचा स्वतःचा फिरू द्या. आणि तो फिरताना 'हे कुणासाठी?' एवढं विचारायला आपण शेजारी असू द्या.

आमच्या नेझुकोने शेवटी फोटो छापून घेतला. डोळे गुलाबी, मागे बर्फ, रंग तिचा स्वतःचा. आईने तो पोळपाटाच्या वरच्या भिंतीवर लावलाय. तोंडातला बांबू मात्र आईला पटलेला नाही. "बोलायचं सोडून हे काय कोंबलंय?" असं ती रोज विचारते. हा प्रश्न आम्ही पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवलाय.

तुमच्या गटातल्या मुली फोटोत काय बदलतात, काय ठेवतात, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.

– संपादक मंडळाच्या वतीने