धंदेवाल्याने कोणती पुस्तकं घ्यावीत? माझं कपाट, माझी वही आणि माझं स्पष्ट मत



मागच्या व्हिडिओत माझ्या मागे पुस्तकांचं कपाट दिसलं आणि त्यावरच प्रश्न सुरू झाले. "सर, एवढी वाचलीत का?" "सर, धंद्यावरची पाच बेस्ट पुस्तकं सांगा." एका भावाने तर सरळच विचारलं, "सर, वाचायला टाइम नाही, समरी टाका ना." व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देता आलं असतं, पण हा विषय लिहूनच मांडण्यासारखा आहे. आणि माझं मत थोडं कडू आहे, ते आधीच सांगतो.

माझं मत असं आहे की नवीन उद्योजकाने पहिली दोन वर्षं मोटिव्हेशनचं एकही पुस्तक विकत घेऊ नये. एकही नाही. मित्राने दिलं तर वाचा, वाचनालयात मिळालं तर वाचा, पण धंद्याच्या भांडवलातले तीनशे रुपये त्यावर घालू नका. जोश तुमच्याकडे आहेच, नसता तर नोकरी शोधत बसला असता. कमी काय पडतं? हिशोब कमी पडतो, कागद वाचायची सवय कमी पडते, आणि दुसऱ्याने धंदा प्रत्यक्षात कसा उभा केला याची बारीक माहिती कमी पडते. "रिच डॅड पुअर डॅड" मराठीत भरपूर खपतं, पण त्यातला टॅक्स अमेरिकेचा, घरं अमेरिकेची, कर्जाची पद्धतही तिकडचीच. कुंभार पिंपळगावात वडिलांच्या नावावरचा सातबारा आणि सोसायटीचं पीककर्ज असलेल्या पोराला त्यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. पुस्तक वाईट आहे असं म्हणत नाही. त्याला आपलं गाव माहीत नाही, एवढंच.

मग गेल्या तीन महिन्यांत मी काय घेतलं ते सांगतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं पुस्तक म्हणजे अकरावी कॉमर्सचं बालभारतीचं "पुस्तपालन आणि लेखाकर्म". हसू नका! रोजकीर्द, खतावणी, तेरीज, अंतिम खाती, सगळं सोप्या मराठीत, उदाहरणांसहित. पुस्तक विकत मिळतं आणि बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकटसुद्धा आहे. हजारो रुपये भरून "फायनान्स मास्टरी" कोर्स करणारे आणि उधारीची खतावणी कशी घालायची ते माहीत नसणारे लोक मी बघतो, तेव्हा हे पुस्तक त्यांच्या हातात द्यावंसं वाटतं. रोज तीन पानं, पेन्सिल घेऊन, उदाहरणं सोडवत. आपल्याच दुकानाचे आकडे टाकून सोडवली तर आणखी उत्तम.

दुसरी खरेदी म्हणजे झेरॉक्स. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची मार्गदर्शक पुस्तिका प्रिंट काढून स्पायरल बायंडिंग करून घेतली. माझ्या कपाटात ती पुस्तकांच्याच रांगेत उभी आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला 25 टक्के आणि विशेष प्रवर्गाला, त्यात महिलाही आल्या, 35 टक्के सबसिडी, हे सगळ्यांना पाठ असतं, कारण एजंट तेवढंच सांगतो. पण पुढचं कोण वाचतं? ही सबसिडी तुमच्या हातात रोख येत नाही. ती बँकेत तुमच्या नावाने 3 वर्षं मुदत ठेवीत राहते, तिच्यावर तुम्हाला व्याज मिळत नाही आणि तेवढ्या रकमेवर बँक कर्जाचं व्याजही लावत नाही. नंतर युनिट चालू आहे की नाही याची पाहणी होते आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे "सबसिडी आली की मशीनचं बाकी देऊ" असा हिशोब धरून जो उधारीवर मशीन आणतो, तो पहिल्याच वर्षी अडकतो. मशीनवाला दारात उभा राहतो आणि पैसे बँकेत कुलपात. ही गोष्ट त्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेली आहे. वाचन म्हणजे फक्त साहित्य नव्हे, मित्रांनो. मंजुरीपत्राचं शेवटचं पान वाचणं हेसुद्धा वाचनच आहे, आणि त्याच्यावर घर टिकतं.

तिसरी खरेदी खास आवडीची, जुन्या पुस्तकांत मिळालेली. "यांत्रिकाची यात्रा", लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र, लिहिणारे त्यांचे पुतणे शंकरराव. सोबत शंकररावांचं आत्मचरित्र "शंवाकीय". या दोन पुस्तकांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लहान गावातल्या उद्योजकासाठी याहून जवळचं उदाहरण मराठीत मला दिसत नाही.

लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला, म्हणून रंगकाम सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. इंजिनिअरिंगची डिग्री नाही. शिकले कुठून? इंग्रजी पुस्तकं, अमेरिकन मासिकं आणि यंत्रांचे कॅटलॉग यांतून. आज आपण कॅटलॉग भाव बघायला उघडतो. हा माणूस यंत्र कसं बनवलं असेल ते समजून घ्यायला उघडत होता. वाचनाची सवय म्हणतात ती अशी असते. पानं किती झाली हा प्रश्नच नाही, वाचल्यावर हाताने काय केलं हा प्रश्न आहे.

आणि वाचून, शिकून, नांगर बनवून विकला गेला का लगेच? नाही. लोखंडाने जमिनीत विष पसरतं अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची भीती होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं गेली. मग बेळगावची जागा सोडावी लागली, औंध संस्थानने कुंडल स्टेशनजवळ माळरान दिलं, आणि 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडे पोरगं तीन महिन्यांत गिऱ्हाईक आलं नाही की दुकानाचं बोर्ड बदलतं. दोन वर्षं गोदामात पडलेल्या नांगरांची गोष्ट वाचली असती तर थोडा दम धरला असता, असं मला वाटतं. पण नुसता दम धरून उपयोग नव्हता. शेतकऱ्याच्या मनातली शंका काढणं हे कामसुद्धा कारखान्याचंच होतं, आणि इथे लेखन येतं.

1920 साली किर्लोस्करवाडीतून "किर्लोस्कर खबर" नावाचं पत्रक सुरू झालं. ते काढलं शंकररावांनी, कंपनीच्या जाहिरातीचं काम तेच बघायचे. उद्देश साधा होता, गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना मालाची, कारखान्याची माहिती द्यायची. त्याच पत्रकाचं पुढे "किर्लोस्कर" मासिक झालं, 1930 मध्ये "स्त्री", 1934 मध्ये "मनोहर". महाराष्ट्रातल्या शिकल्यासवरल्या घरांत ही मासिकं पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. उगम कुठे? नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या माहितीपत्रकात. आज ज्याला "कंटेंट मार्केटिंग" म्हणून विकतात, ते आपल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी सांगली भागातल्या माळावर बसून मराठीत केलं होतं. आपण व्हॉट्सअॅपवर "गुड मॉर्निंग"चं फूल टाकतो आणि खाली दुकानाचा नंबर. काय फरक आहे तो तुम्हीच बघा.

चौथं पुस्तक वीणा गवाणकरांचं "एक होता कार्व्हर". ही माझी तिसरी प्रत, आधीच्या दोन वाचायला दिल्या आणि त्या गावातच कुठेतरी फिरतायत. (पुस्तक उसनं देणं ही उधारीच आहे, फक्त खतावणीला नोंद होत नाही.) भुईमुगाच्या धंद्यात, घाण्याच्या तेलाच्या धंद्यात उतरणाऱ्याने हे वाचावंच. आणि एक दुरुस्ती, कारण रीलमध्ये कायम चुकीचं सांगतात. पीनट बटर कार्व्हरने शोधलेलं नाही, त्याचं पेटंट 1884 सालीच दुसऱ्याने घेतलेलं होतं. कार्व्हरने जे केलं ते माझ्या मते त्याहून मोठं होतं. 1916 साली त्याने शेतकऱ्यांसाठी एक पुस्तिका काढली, भुईमूग कसा पिकवायचा आणि माणसाच्या खाण्यासाठी तो 105 प्रकारे कसा वापरायचा. माल पिकवायला सांगितला तर तो खपवायची वाटही लिहून दिली. आपल्याकडे प्रत्येक गावात पापड, लोणचं, चटणी करणाऱ्या ताई आहेत. त्यांच्यापैकी किती जणींनी पाकिटात एक चिठ्ठी टाकली, की ही शेंगदाण्याची चटणी अजून कशाकशात वापरता येते? खर्च काही पैशांचा आहे.

आता लिहिण्याबद्दल, कारण माझ्या दृष्टीने अर्धं वाचन लिहिण्यासाठीच असतं.

आपल्या शेजारचं जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव, जन्म 1608 चा. देवळात आपण सगळेच जातो. पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास फक्त लेखनावर आहे, हे माझ्या बॅचमध्ये विचारलं तर दहातल्या एकालाही माहीत नव्हतं. अध्यात्म बाजूला ठेवून फक्त कामाची गोष्ट म्हणून तो समास वाचून बघा. अक्षर पहिल्या ओळीपासून ग्रंथ संपेपर्यंत सारखं असावं, एकाच बोरूने लिहिल्यासारखं. तरुणपणी इतकं बारीक लिहू नये की म्हातारपणी वाचता येणार नाही. चारी बाजूंनी जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जात नाही. लेखण्या, कागद, शाई, सगळं साहित्य आधी जमवून ठेवावं. नुसतं सांगितलं असंही नाही, धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हातचं म्हणून वाल्मीकी रामायणाचं हस्तलिखित जपलेलं आहे.

मी या समासाकडे वही लिहिण्याचे नियम म्हणूनच बघतो. उधारीची वही कडेपर्यंत गच्च भरलेली, पान ओलं झालं की आकडा गेला, आणि आकडा गेला की गिऱ्हाईकाशी भांडण. समास सोडायला पैसे लागत नाहीत. शिवाय सोडलेल्या जागेत नंतर शेरा लिहिता येतो, "वसूल", "अर्धे दिले", "पोळ्यानंतर देतो म्हणाला".

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक वही लावायला सांगतो, तिला आम्ही "नाही"ची वही म्हणतो. गिऱ्हाईकाने काहीतरी मागितलं आणि तुम्हाला "नाही" म्हणावं लागलं, की लगेच एक ओळ. तारीख, वस्तू, अंदाजे किंमत. बस. समजा दिवसाला पाच वेळा "नाही" म्हणालात, सरासरी 60 रुपयांची वस्तू. दिवसाचे 300, महिन्याचे 25 दिवस धरले तर 7,500 ची विक्री दुसऱ्याच्या दुकानात गेली. 15 टक्के मार्जिन धरलं तरी 1,125 रुपये. महिन्याला! सगळंच आणून ठेवायचं नाही, तसं केलं तर स्टॉक अंगावर पडेल. पण एकच वस्तू महिन्यात दहा वेळा वहीत आली, तर ती आणायला कोणत्या कन्सल्टंटची गरज नाही. वर्षभर लिहा. तीळ कधी मागायला लागतात, पेरणीच्या आठवड्यात उधारी किती वाढते, कारखान्याचं पेमेंट आलं की काय खपतं, हे तुमच्या दुकानापुरतं सांगणारं पुस्तक बाजारात कुठेच मिळत नाही. ते तुम्हालाच लिहावं लागतं.

"वेळ नाही" याचं काय? आठवडी बाजाराच्या दिवशी मी पुस्तकाला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. गिऱ्हाईक समोर असताना वाचणारा दुकानदार मला अजिबात आवडत नाही. पण दुपारी दोन ते चार गल्ला शांत असतो, तेव्हा मोबाईलवर माझे व्हिडिओ बघता ना? त्यातला अर्धा तास कमी करा. हो, माझे व्हिडिओसुद्धा. व्ह्यूज कमी झाले तर होऊ द्या. दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी मी बारा-तेराशे शब्द हाताने लिहितो आणि त्याच्या आधी दोन-तीन प्रकरणं वाचतो. तुम्हाला त्यातलं गाळून उरलेलं मिळतं. समरीची समरी ऐकून कर्ज काढणं धोक्याचं आहे, आणि कर्ज तर तुमच्या सहीचं असतं, माझ्या नाही.

वर्षाला 52 पुस्तकांचं चॅलेंज घेणाऱ्यांनाही नमस्कार. माझी गेल्या वर्षी नऊ झाली. त्यातलं पुस्तपालनाचं अजून सुरूच आहे, घसाऱ्याच्या प्रकरणावर गाडी अडलीय, कारण पिठाच्या गिरणीच्या मोटारीवर घसारा कसा धरायचा ते आमच्या एका गिरणीवाल्या दादांच्या आकड्यांवर करून बघतोय. जमलं की त्याचाच व्हिडिओ करतो. तोपर्यंत एक शंभर पानी वही आणा आणि उद्या गिऱ्हाईकाला पहिल्यांदा कशाला "नाही" म्हणालात, ते कमेंटमध्ये लिहा. वस्तूचं नाव पुरे.