भिंतीवरचं मिशन

बहुतेक ऑफिसांच्या रिसेप्शनमध्ये फ्रेम करून टांगलेला एक परिच्छेद असतो. कंपनीचं 'मिशन'. इतकं गुळगुळीत की शेजारच्या कंपनीच्या भिंतीवर लावलं तरी खपून जाईल! ते कोणी ठरवायचं, संचालक मंडळाने की मॅनेजर लोकांनी, यावर बरीच चर्चा होते. मला विचाराल तर मजकूर कोणीही लिहावा. संचालक दर बैठकीत मॅनेजरांना काय विचारतात, ते खरं मिशन.

बोइंगचंच बघा ना. इंजिनियरांची कंपनी म्हणून तिचा केवढा दबदबा होता. १९९७ साली मॅकडॉनेल डग्लस तिच्यात विलीन झाली आणि २००१ मध्ये मुख्यालय सिएटलहून शिकागोला हललं. म्हणजे विमानं बनणार सिएटलच्या आसपास आणि साहेब बसणार अडीच हजार किलोमीटरहून लांब.

ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात ७३७ मॅक्स विमानं कोसळली. एका सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून सॉफ्टवेअर विमानाचं नाक खाली दाबत राहिलं. ३४६ माणसं गेली. पुढे भागधारक कोर्टात गेले तेव्हा चव्हाट्यावर आलं की विमानं बनवणाऱ्या या कंपनीच्या संचालक मंडळात विमानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली समितीच नव्हती! हिशेब तपासायला होती, पगार ठरवायला होती. सुरक्षिततेची समिती आली ऑगस्ट २०१९ मध्ये, दोन्ही अपघात होऊन गेल्यावर. २०२१ मध्ये तडजोड झाली, २३ कोटी ७५ लाख डॉलरची. तेही संचालकांच्या खिशातून नाही, त्यांच्या विमा कंपन्यांकडून.

मग मॅनेजर निर्दोष का? मुळीच नाही. पण मॅनेजर हा शेवटी परीक्षार्थी असतो हो. जे पेपरात येणार तेच तो घोकतो आणि हाताखालच्यांकडून घोकून घेतो. वरून दर तिमाहीला विमानं किती दिली आणि शेअरचा भाव काय, एवढंच विचारलं जात असेल, तर कारखान्यातल्या एखाद्या इंजिनियरची शंका वर पोचवणार कोण? आणि कशासाठी?

असो. हल्ली कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की मी मिशनचं पान सरळ उलटतो आणि संचालकांच्या समित्यांची यादी शोधतो. तुमच्या कंपनीच्या यादीत काय काय आहे, बघून कळवा जरा.